नियम मंत्रालयात, कुलूप गावात

पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदरासाठी जानेवारी 2024 मध्ये जनसुनावणी झाली. ती खरी किती आणि देखावा किती, यावर धाकट्या डहाणूच्या किनाऱ्याचे आणि सरकारचे कधीच जुळणार नाही. पण कायद्यापोटी का होईना, सुनावणी घ्यावी लागली. गावच्या वाचनालयाचे नशीब ठरवताना सरकारला तेवढेही करावे लागत नाही. मुंबईत शासन निर्णय निघतो, मागोमाग परिपत्रक येते आणि ग्रंथपालाला ते कळते तेव्हा अनुदानाचा हप्ता अडकलेला असतो.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम 1967 चा. मान्यता आणि अनुदानाचे नियम 1970 चे. नियम राजपत्रात छापावे लागतात, विधिमंडळापुढे ठेवावे लागतात. निदान कोणी आमदार त्यावर बोट ठेवू शकतो. शासन निर्णयाला हा जाच नाही. म्हणूनच ग्रंथालयांचा खरा कारभार आज नियमांपेक्षा शासन निर्णयांवर चालतो, आणि धोक्याची घंटा वाजवायची ती इथेच.

2012 चे उदाहरण घ्या. त्या वर्षीच्या मे महिन्यात महसूल खात्याकरवी राज्यभरातील ग्रंथालयांची पडताळणी झाली. कागदावरची वाचनालये उघडी पडली, ते बरेच झाले. पण त्यानंतर नवी मान्यता आणि वर्गवाढ, म्हणजे वाचनालयाला वरचा वर्ग मिळणे, वर्षानुवर्षे अडवून ठेवली गेली. चोर सापडले म्हणून सावांचीही दारे बंद! कायदा तोच, नियम तेच, मान्यतेसाठी अर्ज करण्याची तरतूदही तशीच. फक्त अर्ज कोणी हाती घेईना. ज्या गावात वाचनालय नव्हते त्या गावाची यात काय चूक होती, हे कोणी सांगितले नाही, कारण विचारायला जागाच ठेवलेली नव्हती.

पैशाचेही तेच. 2012 मध्ये अनुदान पन्नास टक्क्यांनी वाढले, पुढची वाढ झाली ती थेट 2022 मध्ये, साठ टक्क्यांची. मधल्या दहा वर्षांत ‘ड’ या सर्वांत खालच्या वर्गाच्या वाचनालयाला वर्षाला 30,000 रुपये मिळत होते. त्यातली निम्मी रक्कम वेतनाची. म्हणजे ग्रंथपालाला महिन्याला साडेबाराशे. डहाणूच्या बाजारात एका दिवसाच्या मासळीखरेदीतही हा आकडा सहज उडतो. वर्गवाढ मिळाली तर अनुदान वाढणार, पण वर्गवाढीसाठी आधी हजारावर पुस्तके हवीत. आणि ती घ्यायला पैसे कुठून आणायचे?

आता हे नियम धाकट्या डहाणूत नेऊन पाहा. वाचनालय रोज ठरलेले तास उघडे असावे, हा नियम शहरातल्या नोकरदाराला ठीक आहे. इथला दिवस भरती-ओहोटीवर चालतो. होडी मध्यरात्री बंदराला लागली तर घरातली बाई पहाटेपासून मासळी निवडण्यात आणि विकण्यात गुंतलेली असते. संध्याकाळी पाचला वाचनालय उघडून काय उपयोग? उलट पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीत होड्या वर ओढलेल्या असतात, तरुण जाळी विणत घरी बसलेले असतात. वाचनालय दिवसभर उघडे ठेवावे ते तेव्हा. तलासरीच्या वारली पाड्यांवर याच्या उलटे. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पाडा रिकामा होतो. मग तपासणीला आलेला अधिकारी वाचकांच्या सह्यांची वही उघडणार आणि शेरा मारणार, ‘वाचक उपस्थिती असमाधानकारक’. त्याचाही दोष नाही. त्याच्या हातातल्या तक्त्यात स्थलांतराचा रकानाच नाही.

गंमत म्हणजे ज्या 1970 साली हे नियम झाले, त्याच साली गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ प्रसिद्ध झाले. वारल्यांच्या लढ्याच्या या कथनाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते पुस्तक ज्यांच्याविषयी आहे त्यांच्या पाड्यावर ते पोहोचावे, एवढी साधी कसोटी लावली तरी आपली ग्रंथालय व्यवस्था नापास होईल.

डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीतले. पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला गौण वनोपजावर अधिकार दिला, भूसंपादनाआधी तिच्याशी सल्लामसलत सांगितली. मग वाचनालय कधी उघडावे हे तिला का विचारू नये? माहिती अधिकार कायद्याचे कलम 4 तर स्पष्टच सांगते: लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणे आखताना संबंधित माहिती स्वतःहून प्रसिद्ध करा आणि निर्णयांची कारणे बाधितांना द्या. केंद्राने 2014 मध्ये आपल्या मंत्रालयांसाठी कायद्यांचे आणि नियमांचे मसुदे किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवण्याचे धोरण स्वीकारले. ते धोरण राज्यावर बंधनकारक नाही, म्हणून ते राज्याने करूच नये असे कुठे आहे?

बोगस वाचनालयांची भीती खरी आहे आणि तपासणी कडक हवीच. पण तपासणीचे निकष गुपचूप ठरवले की बोगसवाले कागद नीट जुळवतात आणि मरतो तो प्रामाणिक ग्रंथपाल.

आमची मागणी मोठी नाही. मान्यता, अनुदान आणि वेळांविषयीचा कोणताही आदेश काढण्याआधी त्याचा मसुदा प्रत्येक मान्यताप्राप्त वाचनालयाच्या फलकावर साठ दिवस लागावा. हरकतींची सुनावणी तालुक्याला व्हावी आणि फेटाळलेल्या हरकतीचे कारण लेखी मिळावे. अनुसूचित क्षेत्रात वेळा ठरवण्याचा अधिकार ग्रामसभेला द्यावा. यासाठी एक रुपयाही लागत नाही. ग्रंथालय संचालनालयाने पुढचे परिपत्रक काढण्याआधी हे करून दाखवावे, आणि पालघरच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात ते करवून घ्यावे.