बंदर आणि पृष्ठप्रदेश

राजपुरी खाडीच्या मुखाजवळील दिघी बंदर दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून २०२१ मध्ये अदानी समूहाच्या हाती गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या १२ औद्योगिक नगरांतही दिघीचा समावेश झाला. नाव दिघीचे असले, तरी या नगराची जमीन प्रामुख्याने माणगाव परिसरातील आहे. बंदर किनाऱ्यावर असते. त्याचा संसार मात्र पृष्ठप्रदेशावर चालतो. महामार्ग आणि कोकण रेल्वे यांमुळे माणगावला हे स्थान आपोआप लाभले. त्याचे फळ तसे आपोआप पदरात पडणार नाही.

याच जिल्ह्यातील न्हावा-शेव्याचा अनुभव बोलका आहे. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात, जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी लढताना पाच जण पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. तेथील प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंडांची इरादापत्रे मिळू लागली ती २०१४ मध्ये! जहाजांना पाच वर्षांत धक्का मिळाला, शेतकऱ्याला कागदासाठी तीस वर्षे थांबावे लागले.

म्हणून बंदराला विरोध करावा, असे नव्हे. तथापि आधुनिक बंदरात हमालांपेक्षा क्रेनचालक आणि सीमाशुल्काची कागदपत्रे जाणणारे कर्मचारी अधिक लागतात. ते शिक्षण माणगावातच मिळावे आणि जमीन देणाऱ्यांचा हिशेब पहिला कारखाना सुरू होण्यापूर्वी पुरा व्हावा. अन्यथा मालगाड्या माणगावावरून धावतील आणि माणगावचा तरुण पूर्वीप्रमाणेच मुंबईची गाडी पकडील.