भाकरीतली कर्बोदके : एकूण मोजायची की ‘नेट’?

मधुमेहाचे निदान झाले की अनेक जण मोबाइलवर जेवणाची नोंद ठेवू लागतात. शहरांतली ही सवय आता यवतमाळ, पुसद, वणीतही येऊन पोहोचली आहे. अॅपमध्ये ‘दोन भाकरी, एक वाटी वरण’ असे लिहिले की दोन आकडे दिसतात : एकूण कर्बोदके (टोटल कार्ब) आणि निव्वळ कर्बोदके (नेट कार्ब). यातला कोणता आकडा खरा धरायचा, हा प्रश्न वरवर हिशेबाचा वाटतो. पण इन्सुलिन घेणाऱ्यासाठी तो औषधाच्या मात्रेचा प्रश्न आहे.

धान्यातील तंतुमय भाग, म्हणजे चोथा, लहान आतड्यात पचत नाही आणि त्याची साखर होत नाही. म्हणून एकूण कर्बोदकांतून तंतू वजा केले की ‘नेट’ आकडा मिळतो. कल्पना चुकीची नाही. मात्र या शब्दाला कायदेशीर व्याख्या नाही. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनही नेट कार्ब ही संज्ञा मान्य करत नाही. एकूण कर्बोदकेच मोजा, असे सांगते. काही तंतूंचे आतड्यातील जीवाणू विघटन करतात आणि त्यातून थोडी ऊर्जा मिळतेच. ‘शुगर फ्री’ मिठाईतले माल्टिटॉलही रक्तातील साखर काही प्रमाणात वाढवते. ते पूर्ण वजा करणे ही फसगत ठरते.

भारतात आणखी एक अडचण आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अन्नघटक तक्त्यांत कर्बोदकांचा आकडा तंतू वगळूनच दिलेला आहे. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदके आणि सुमारे १० ग्रॅम तंतू, असे हे तक्ते सांगतात. म्हणजे ६८ हा आकडा आधीच ‘नेट’ आहे. अमेरिकी पद्धतीने एकूण आकडा ७८ होईल. अॅपने किंवा रुग्णाने ६८ मधून पुन्हा १० वजा केले, तर उरतात ५८. तेच पीठ, त्याच दोन भाकरी; पण ५८ की ७८, असा २० ग्रॅमचा फरक. एखाद्या रुग्णाला दर १० ग्रॅमला एक युनिट इन्सुलिन ठरवून दिले असेल, तर ही दोन युनिटची चूक झाली. कमी पडले तर साखर वाढेल. जास्त झाले तर ती धोकादायक पातळीपर्यंत उतरेल.

पाकिटांवरही भरवसा ठेवता येत नाही. आपल्याकडे पाकिटावर कर्बोदके आणि साखर छापणे बंधनकारक आहे. तंतूंचा आकडा मात्र प्रत्येक पाकिटावर सक्तीचा नाही. मग वजा करायचे काय?

शिजवलेल्या आणि कच्च्या अन्नाचा गोंधळ तर याहून मोठा. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ७८ ग्रॅम कर्बोदके असतात, तर १०० ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण २८. यात चूक झाली, तर तंतूंचा सगळा हिशेब फिका पडतो.

वसंतराव नाईकांच्या या जिल्ह्यात एकेकाळी संकरित ज्वारीचा मोठा प्रचार झाला. आज रेशनवर प्रामुख्याने गहू-तांदूळ मिळतो आणि शेतात कापूस-सोयाबीन दिसते. ‘भाकर खा, साखर वाढणार नाही’ हा सल्ला मात्र टिकून आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ अभ्यासाचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष इथे महत्त्वाचे आहेत. भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, असे त्यात आढळले. एकूण कर्बोदके तेवढीच ठेवून केवळ पांढऱ्या धान्याऐवजी गव्हाचे किंवा भरड धान्याचे पीठ घेतल्याने मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. मात्र कर्बोदकांतील थोडा वाटा डाळी किंवा दुधातील प्रथिनांना दिला, तिथे धोका कमी दिसला. म्हणजे ज्वारी चांगलीच. पण चार भाकरी आणि पातळ वरण यापेक्षा दोन भाकरी आणि घट्ट वरण बरे. तूर तर जिल्ह्यातच पिकते.

तेव्हा एकच पद्धत ठरवावी आणि ती बदलू नये. इन्सुलिन घेणाऱ्याने आपली मात्रा कोणत्या आकड्यावर ठरली आहे, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. पीठ आठवडाभर तोलून पाहावे; नंतर अंदाज बसतो. जेवणानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरने तपासावे. त्या भाकरीने आपल्या शरीरात काय केले, हे अॅपपेक्षा तोच नेमके सांगतो.

ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना भाकर-भात अचानक बंद करू नये. घाम, थरथर, भोवळ आली आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालयात न्यावे. डापाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी तर कर्बोदके एकदम तोडल्यास रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो. त्यामुळे आहारातील मोठा बदल डॉक्टरांना सांगूनच करावा.