गाडीची वॉरंटी आणि आपलं अणुव्रत



मागच्या वेळी चातुर्मासातल्या भाज्यांबद्दल लिहिलं होतं. आज विषय एकदम वेगळा आहे, गाडीच्या गिअरबॉक्सचा. हसू नका. गेला दीड महिना सामायिकाला बसलं की माझ्या डोळ्यांसमोर तोच येत होता. पाठ ओठांवर आणि मन सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर. म्हटलं, आता लिहूनच मोकळं व्हावं.

झालं असं. कुंभोज बाहुबलीला दर्शन घेऊन आम्ही दोघं परत येत होतो. जयसिंगपूरच्या अलीकडे गाडीने गिअर घेणंच बंद केलं. इंजिन चालू, पण गाडी जागची हलेना. आमची गाडी ऑटोमॅटिक आहे, म्हणजे पायाखाली क्लच नाही. आत मात्र क्लच असतोच, फक्त तो आपल्या पायाऐवजी ऍक्च्युएटर नावाचा एक भाग दाबतो. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं, की उन्हात उभं राहून टोचन करायला कुणी मिळतं का ते बघायचं.

आमचे हे अगदी निश्चिंत होते. "काळजी नको, एक्स्टेंडेड वॉरंटी आहे." गाडी घेताना कंपनीच्या ३ वर्षांच्या वॉरंटीवर आणखी २ वर्षांची वाढीव वॉरंटी १६,८०० रुपये भरून घेतली होती. विकणारा मुलगा म्हणाला होता, "काकू, पाच वर्षं डोक्याला ताप नाही, सगळं कव्हर." गाडीला चौथं वर्ष चालू होतं.

चौथ्या दिवशी सर्व्हिस सेंटरमधून फोन आला. अंदाजे खर्च ४६,५०० रुपये आणि वॉरंटीत एक रुपयाही बसत नाही! कारणं दोन. पहिलं, क्लच प्लेट जळली आहे आणि क्लच हा झिजणारा भाग, तो वॉरंटीत येत नाही. दुसरं, तिसऱ्या वर्षाची सर्व्हिसिंग पाच महिने उशिरा झाली आहे, त्यामुळे वॉरंटीच लागू नाही.

यांचा पारा चढला. काउंटरवरच्या मुलाला नको नको ते बोलले. तो बिचारा आमच्या नातवापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठा असेल. नियम त्याने केलेला नाही, वॉरंटी त्याने विकलेली नाही, आणि नकारही त्याच्या हातात नव्हता. मी यांना बाहेर आणून बसवलं. घरी आल्यावर कपाटातून ते वॉरंटीचं पुस्तक काढलं आणि चष्मा लावून पहिल्यांदाच वाचलं. मी बी.कॉम. झालेली बाई. १८७२ च्या करार कायद्यावर परीक्षेत पानंच्या पानं लिहिलेली. आणि घरात आलेला करार साडेतीन वर्षं न वाचता किराण्याच्या जुन्या बिलांखाली ठेवला होता!

वाचल्यावर तीन गोष्टी कळल्या. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर, बॅटरी असे झिजणारे भाग खरंच वगळलेले होते. ऍक्च्युएटर मात्र कव्हर असलेल्या भागांच्या यादीत होता. आणि सर्व्हिसिंगची अट होती १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. आमची गाडी देवळात आणि बाजारात जाण्यापुरती, चार वर्षांत १९,००० किलोमीटरसुद्धा झाले नव्हते. त्या वर्षी यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, गाडी दारातच उभी. आम्ही म्हटलं, फिरलीच नाही तर सर्व्हिसिंग कशाला? आपल्या वयाच्या किती घरांत हेच चालतं. पण गाडी उभी असली तरी वर्ष पुढे सरकतच असतं.

आता खरी गोष्ट सांगते, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

काउंटरवरचा मुलगा म्हणाला होता, "त्या काळात बाहेर कुठे ऑइल बदललं असेल तर बिल आणा, वर पाठवून बघतो." संध्याकाळी नणंदेचा मुलगा आला. सगळं ऐकून म्हणाला, "मामी, एवढंच ना? माझ्या ओळखीचा गॅरेजवाला आहे. मागची तारीख घालून बिल देईल. उद्या सकाळी आणून देतो." हे लगेच हो म्हणाले. मुलाला फोन लावला तर तोही म्हणाला, "आई, ते आपल्याला फसवतायत, मग आपण एक कागद दिला तर काय बिघडलं?"

खरं सांगते, मी लगेच नाही म्हटलं नाही. ४६,५०० रुपये पेन्शनच्या घरात लहान रक्कम नव्हे. रात्रभर तळमळले. आणि आठवलं, आमच्या स्वाध्यायात तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय चालू होता तेव्हा सत्याणुव्रताचे अतिचार मीच फळ्यावर लिहिले होते. त्यात कूटलेखक्रिया आहे, म्हणजे खोटा लेख तयार करणं. तेव्हा आम्ही बायका म्हणालो होतो, हे जुन्या काळच्या सावकारांसाठी असेल, आपला काय संबंध? संबंध हा असा दारात आला, आणि तोही भाच्याच्या प्रेमातून.

त्याच यादीत न्यासापहार आहे. कुणी ठेव ठेवली, किती ठेवली ते विसरला आणि कमी मागितली, तर ठेवून घेणाऱ्याने "हो, तेवढीच होती" म्हणून गप्प बसणं. मला वाटलं, सर्व्हिस सेंटर आमच्याशी हेच करतंय. ऍक्च्युएटर यादीत आहे हे त्यांना माहीत आहे, आम्हाला आठवत नाही, म्हणून गप्प. पण त्यांनी अतिचार केला म्हणून आपल्याला दुसरा करायची परवानगी मिळते, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

सकाळी भाच्याला सांगितलं, "बाळा, बिल नको. तुझी माया पोचली." हे दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

मग मी पत्र लिहिलं, ईमेलने, सर्व्हिस सेंटरला आणि कंपनीच्या तक्रार विभागाला. त्यात पहिल्यांदा आमची चूक लिहिली. सर्व्हिसिंग पाच महिने उशिरा झाली, कारण हे, त्या काळात ऑइल कुठेही बदललेलं नाही. मग चार गोष्टी मागितल्या. नकार कोणत्या कलमाखाली, त्याचा क्रमांक. बिघडलेल्या प्रत्येक भागाचे फोटो आणि तपासणीचा अहवाल. क्लच आणि ऍक्च्युएटर यांचा खर्च वेगवेगळा. आणि इंजिन ऑइलला झालेल्या उशिरामुळे गिअरचा ऍक्च्युएटर कसा बिघडला, याचं लेखी कारण. जुने भाग आम्हाला दाखवल्याशिवाय टाकू नयेत, हेही लिहिलं. एकही कडक शब्द नाही. लिहिताना हात थरथरत होता, कारण आपली चूक आपणच लिहून द्यायची म्हणजे समोरच्याच्या हातात कोलीत देणं, असं घरात सगळे म्हणत होते.

बारा दिवसांनी उत्तर आलं. ऍक्च्युएटरचे २८,००० आणि तो बसवण्याची मजुरी ३,८०० कंपनीने सोसली. क्लचचे ९,५०० आणि त्याची मजुरी, ऑइल वगैरे ५,२०० असे १४,७०० आम्ही भरले. क्लचचा खर्च आमचाच होता, हे मी मान्य केलं. चढावर ब्रेक न लावता ऍक्सिलरेटरवर गाडी रोखून धरायची यांची जुनी सवय, त्यात क्लच घासतो, हे मेकॅनिकनेच समजावलं.

उत्तरात लिहिलं होतं, की ही रक्कम "गुडविल" म्हणून देत आहोत. मला हसू आलं. आम्हाला हिशेबशास्त्रात शिकवलं होतं, गुडविल म्हणजे अमूर्त मालमत्ता. आमच्या हक्काचा भाग त्यांनी उपकाराच्या खात्यावर लिहिला. असो. पैसे आले, आणि खोट्या कागदाशिवाय आले. तुम्ही म्हणाल, नशीब चांगलं. असेलही. नकार कायम राहिला असता तर ३१,८०० रुपये आणखी गेले असते, आणि ते बिल न दिल्याचं मला तरीही वाईट वाटलं नसतं. हे मी आता बसून लिहितेय म्हणून सोपं वाटतं, त्या बारा दिवसांत सोपं नव्हतं.

माझं मत सांगते. वॉरंटीच्या भांडणात आपण बायका दोन टोकांना जातो. एक तर "जाऊ दे, आपल्या कर्माचं फळ" म्हणून पैसे भरून टाकतो, आणि त्याला क्षमा म्हणतो. ती क्षमा नव्हे, तो आळस किंवा भीती. दुसऱ्या टोकाला पुरुषांना पुढे करून आरडाओरडा, नाहीतर खोटा कागद. मधला रस्ता आहे, तो लेखी आणि खरा. आपलं न्याय्य ते मागणं हा परिग्रह नव्हे. खोटं बोलून जास्तीचं मागणं हा आहे.

कायदाही आपल्या बाजूने आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आवश्यक माहिती जाणूनबुजून दडवून ठेवणं, हीसुद्धा सेवेतली त्रुटी धरली आहे. माझ्या मनात आलं, आपल्या आचार्यांनी न्यासापहार म्हणून जे सांगितलं त्याच्या किती जवळ आहे हे! १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आधी तिथे तक्रार नोंदवता येते. तिथे काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फीही नाही. मात्र कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जायला हवं.

वाढीव वॉरंटी घ्यावी की नाही? गाडी ऑटोमॅटिक किंवा महागड्या यंत्रणेची असेल तर घ्या. पण पैसे भरण्याआधी पुस्तक मागा. करार कुणाशी आहे ते बघा, गाडीच्या कंपनीशी, विमा कंपनीशी की नुसत्या शोरूमशी. काय वगळलंय ते पान आधी वाचा. गाडी खोलून बघायची मजुरी, दावा नाकारला तर कोण भरणार, ते विचारा. "सगळं कव्हर" म्हणणाऱ्याला तेच वाक्य लिहून द्यायला सांगा, बघा तो काय करतो ते. आणि सर्व्हिसिंगची तारीख कॅलेंडरवर अष्टमी-चतुर्दशीसारखी लाल पेनाने लिहून ठेवा.

शेवटचं, थोडं बोचेल. आपल्यापैकी कितीतरी घरांची दुकानं आहेत. फ्रिज, मिक्सर, पंप, मोबाइल. आपल्या गल्ल्यावर बसलेला मुलगाही गिऱ्हाइकाला "सगळं कव्हर" म्हणूनच वॉरंटी विकतो का? आज रात्री जेवताना एकदा विचारा. माझ्या माहेरी दुकान आहे, मी विचारलं. भाऊ गप्प बसला. पण आता काउंटरवर वगळलेल्या भागांची यादी मराठीत, मोठ्या अक्षरात लावली आहे.

पुढच्या पर्वात क्षमावाणीच्या दिवशी त्या काउंटरवरच्या मुलाची क्षमा मागायला जायचं, असं यांनीच ठरवलंय. मी सोबत फक्त लाडवांचा डबा घेणार आहे.

जय जिनेंद्र.