जुन्या पिक-अप गाडीचा पंखा आणि आपली दुरुस्तीची रीत

शेतमाल बाजारपेठेस नेणारी पिक-अप गाडी हे आज नांगर, पंप किंवा फवारणी यंत्र यांच्याइतकेच शेतीचे अवजार झाले आहे. पंपाची देखभाल आपण शेतकऱ्यास शिकवितो, फवाऱ्याची तोटी कशी साफ करावी हे दाखवितो. परंतु गाडीच्या बाबतीत मात्र 'ते मिस्त्रीचे काम' असे म्हणून शेतकरी आणि विस्तार कार्यकर्ता दोघेही हात झटकतात. ही वृत्ती बदलावयास हवी असे आमचे स्पष्ट मत आहे; आणि त्यासाठी उदाहरण म्हणून आम्ही मुद्दामच एक क्षुल्लक समजला जाणारा भाग निवडीत आहोत. तो म्हणजे डॅशबोर्डाच्या आड बसविलेला हीटरचा पंखा, ज्यास चालक 'ब्लोअर' म्हणतात.

महाराष्ट्रात हीटर कशास हवा, असा प्रश्न कोणी विचारील. ऊब मिळविण्यासाठी तो आपल्याकडे फारसा लागत नाही हे खरे. पण जुन्नर-नारायणगावचा टमाटा घेऊन श्रावणातल्या पहाटे माळशेज घाट उतरणाऱ्या चालकास विचारावे. बाहेर पाऊस आणि धुके, आत दोन-तीन माणसे, त्यांचे ओले कपडे, पायांशी भिजलेली पोती. माणसांच्या श्वासातील आणि कपड्यांतील बाष्प थंड काचेवर आतल्या बाजूने जमते व काच पांढरी होते. वायपर बाहेरचे पाणी पुसतो. आतल्या धुरकटपणापुढे त्याचे काही चालत नाही. चालक एका हाताने सुकाणू धरतो व दुसऱ्या हातातील फडक्याने काच पुसतो, आणि पुढे वळण असते. काचेकडे सोडलेली उबदार हवा हे बाष्प थोड्याच वेळात शोषून घेते, कारण तापलेल्या हवेत अधिक बाष्प सामावते. ज्या गाडीत ही सोय आहे तिचा पंखा बंद ठेवून घाट उतरणे म्हणजे चांगला दिवा घरात ठेवून अंधारात विहिरीवर जाण्यासारखे आहे.

असे असूनही हा पंखा बंद पडला तर वर्षानुवर्षे तसाच राहतो. त्यावाचून गाडी अडत नाही ना! आणि दुरुस्ती करावयाची वेळ आलीच, तर दोन चुकीच्या रीती सर्रास दिसतात. पहिली, काहीही तपासल्यावाचून नवी मोटर आणून बसविणे. दुसरी अधिक घातक: फ्यूज वारंवार जातो म्हणून त्याच्या जागी जाड तार गुंडाळणे किंवा मोठ्या क्षमतेचा फ्यूज खोचणे.

या दुसऱ्या रीतीविषयी प्रथम बोलू. अशा पंख्याची मोटर १२ व्होल्टवर चालते आणि पूर्ण वेगात गाडीगाडीनुसार सुमारे १० ते २० अँपिअर प्रवाह घेते. हा काही लहान भार नव्हे. फ्यूज असतो तो मोटरीचे रक्षण करण्यासाठी असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः तो मुख्यतः वायरिंगचे रक्षण करतो. मोटरीचे बुश कोरडे पडले, ती जड फिरू लागली, की ती अधिक प्रवाह ओढते. फ्यूज वितळतो तो हेच सांगण्यासाठी. त्याच्या जागी तार घातली म्हणजे दोष जात नाही. वितळावयाचे ठिकाण मात्र बदलते. आता डॅशबोर्डाआडच्या वायरी तापतात, त्यांचे वेष्टन जळते, आणि तेथे जर वाळका पाला, उंदराने आणलेले गवत किंवा गोणपाटाचे तंतू साचलेले असतील तर पेट घेण्यास वेळ लागत नाही. फ्यूजच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत जो आकडा दिला आहे, त्याहून मोठा फ्यूज कोणत्याही सबबीवर घालू नये. या एका बाबतीत तडजोड नको.

आता तपासणीची रीत. ती कठीण नाही; मात्र क्रमाने केली पाहिजे. गाडी पेटविण्याची किल्ली 'ऑन'वर आणून पंख्याचा प्रत्येक वेग लावून पाहावा व काय होते ते लक्षपूर्वक ऐकावे. केवळ सर्वांत मोठा वेग चालतो आणि लहान वेग मुळीच चालत नाहीत, असे आढळल्यास मोटर चांगली आहे हे त्याच क्षणी सिद्ध झाले. जुन्या गाड्यांतून लहान वेगासाठी प्रवाह एका रेझिस्टन्समधून नेलेला असतो; मोठ्या वेगास तो या रेझिस्टन्सला वगळून थेट जातो. तेव्हा दोष रेझिस्टन्समध्ये किंवा त्याच्या जोडात आहे. हा भाग पंख्याच्या हवेच्या वाटेतच बसविलेला असतो, कारण चालताना तो तापतो व वाहत्या हवेने थंड राहतो. तो काढणे म्हणजे बहुधा दोन स्क्रू आणि एक जोड सोडणे एवढेच काम असते, आणि त्याची किंमत मोटरीच्या मानाने सामान्यतः पुष्कळच कमी असते. येथे नवी मोटर आणणारा शेतकरी पैसे घालवितो व दोष जागच्या जागीच राहतो. याउलट लहान वेग चालतात आणि मोठाच चालत नाही, तर मोठ्या वेगाचा रिले असल्यास तो, अथवा स्विचमधील तो संपर्क पाहावा.

पंखा कोणत्याच वेगावर चालत नसेल तर प्रथम फ्यूज पाहावा. तो शाबूत असल्यास साधा बल्बचा टेस्टर घ्यावा. त्याचा चिमटा बॅटरीच्या ऋण टोकास लावावा, पंख्याचा स्विच सर्वांत मोठ्या वेगावर ठेवावा, आणि मोटरीचा जोड न सोडता तिच्या दोन्ही टोकांस टेस्टरची सुई आळीपाळीने लावावी. एकाही टोकास दिवा लागला नाही, तर प्रवाह मोटरीपर्यंत पोहोचतच नाही. मागे स्विच, रिले किंवा वायर यांत शोध घ्यावा. दोन्ही टोकांस दिवा लागला, तर प्रवाह येतो आहे पण परत जाण्याची वाट तुटली आहे. बहुतेक वेळा अर्थिंग सुटलेले किंवा गंजलेले सापडते. काही गाड्यांत स्विच आणि रेझिस्टन्स परतीच्या वाटेवरच असतात, तेथे त्यांचाही तपास करावा. एका टोकास दिवा लागला, दुसऱ्यास लागला नाही, आणि तरीही पंखा निश्चल आहे, तरच मोटरीवर संशय घ्यावा. तेव्हाही तिच्यावर हलकेच टिचकी मारून पाहावी. टिचकीसरशी ती फिरू लागली, तर तिचे कार्बन झिजले आहेत असे बहुधा समजावे.

कोकणात व घाटमाथ्यावर, जेथे महिनोन्महिने गाडी ओली असते, तेथे अर्थिंगचा गंज हा जुना वैरी आहे. हा दोष टेस्टर दाखवीलच असे नाही, कारण लहान बल्ब वायरीच्या एका शाबूत तंतूवरही पेटतो. गंजलेल्या जोडात केवळ एक दशांश ओहम इतका रोध असला, तरी १० अँपिअर प्रवाहाला तेथे १ व्होल्ट वाया जातो व १० वॅट उष्णता त्या इवल्याशा जोडात निर्माण होते. पंखा मंद चालतो, जोड तापतो, प्लास्टिक पिवळे पडून शेवटी वितळते. यासाठी मीटर २० व्होल्टच्या पट्टीवर ठेवून, पंखा पूर्ण वेगात चालू असताना, एक सुई मोटरीच्या परतीच्या टोकास व दुसरी बॅटरीच्या ऋण टोकास लावावी. अर्ध्या व्होल्टहून अधिक आकडा दिसल्यास जोड सोडून, पत्रा व टोक खरवडून लखलखीत करावे व घट्ट आवळावे. पंखा किती प्रवाह घेतो हे मात्र साध्या मीटरने मोजू नये. अशा मीटरची मर्यादा बहुधा १० अँपिअरपर्यंतच असते आणि तो जळून जातो.

आणखी एक गोष्ट, जी मिस्त्रीही पुष्कळदा करीत नाहीत. रेझिस्टन्स किंवा स्विच एकदा जळाला की तो का जळाला हे विचारावे. मोटरीचा पंखा हाताने फिरवून पाहावा. तो सैल फिरला पाहिजे. जड असेल, कुरकुरत असेल किंवा पात्यांत पालापाचोळा अडकला असेल, तर नवा रेझिस्टन्सही काही महिन्यांत तीच वाट धरील. वितळलेल्या जोडात नवा स्विच खोचणे हाही असाच द्रव्यनाश होय. जोडही बदलावा लागतो. बाहेरून हवा आत घेणाऱ्या जाळीवर, वायपरच्या खाली, आंब्याची किंवा सुरूची पाने साचतात. ती पावसाळ्यापूर्वी काढावीत, एवढ्यानेही कित्येक मंद पंखे सुधारतात.

सर्वच दुरुस्ती शेतकऱ्याने करावी असे आमचे म्हणणे नाही. गाडीत गोडसर वास येत असेल, काचेच्या आतून तेलकट थर बसत असेल व रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हीटरचा गाभा गळत असण्याचा संभव आहे. तो काढण्यास डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि ते काम जाणकाराकडेच द्यावे. इंजिन तापलेले असताना रेडिएटरचे झाकण कोणीच उघडू नये. पंखा चालतो पण हवा थंडच येते, अशा वेळी वीज नव्हे तर पाण्याची बाजू पाहावी: पाणी कमी आहे काय, हीटरची नळी कोणी बंद केली आहे काय. उन्हाळ्यात नळी बंद करून ठेवणारे व पावसाळ्यात ती उघडण्यास विसरणारे चालक कमी नाहीत.

विस्तार कार्यकर्त्यांस आमची सूचना अशी की, पंप व फवारणी यंत्रांच्या प्रात्यक्षिकास जोडून मे महिन्यात गावातील पिक-अप गाड्यांचाही एक दिवस ठेवावा. त्यास एक बल्बचा टेस्टर, एक साधा मीटर, पॉलिश पेपर आणि योग्य आकड्याचे फ्यूज एवढेच साहित्य पुरे. हे साहित्य शेतकरी गटाच्या किंवा सोसायटीच्या मालकीचे असावे व पंपाच्या स्टार्टरजवळच ठेवावे, म्हणजे ते हरवणार नाही. त्या दिवशी प्रत्येक गाडीचा फ्यूजचा डबा उघडून कोठे तार गुंडाळलेली आहे हे पाहावे, आणि ती काढून मालकासमोर योग्य फ्यूज बसवावा. तो पुन्हा वितळला, तर गाडी तेथेच उभी करून वर सांगितलेल्या क्रमाने दोष शोधण्यास सर्वांसमक्ष आरंभ करावा.