त्वचेच्या तुकड्याचा अहवाल

कुष्ठरुग्ण शोध मोहिमेच्या दिवसांत खालापूर तालुक्यातील वाड्यावस्त्यांवर आशा कार्यकर्ती घरोघरी जाऊन अंगावर फिकट चट्टा आहे का, असे विचारते. तो चट्टा दुखत नाही, खाजत नाही. म्हणून दाखविण्याजोगा वाटत नाही. वास्तविक ज्यावर स्पर्श कळत नाही, तोच चट्टा तपासून घेण्याचा.

पुष्कळदा या बधिरतेवरूनच निदान होते. शंका उरली, तर चट्ट्याच्या कडेचा चार-पाच मिलिमीटरचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. या तपासणीस बायोप्सी म्हणतात. हा शब्द कानी पडताच घरात कर्करोगाची धास्ती शिरते. ती येथे अनाठायी आहे.

अहवालातील ‘ग्रॅन्युलोमा’ म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशींचा पुंजका. तो त्वचेच्या क्षयातही आढळतो. मज्जातंतूत शिरलेला दिसला, तर मात्र कुष्ठरोगाकडे बोट जाते. पुढे जंतूंचा उल्लेख येतो. तेथे ‘निगेटिव्ह’ वाचून कुटुंब सुटकेचा निःश्वास टाकते आणि औषध टळते. घात होतो तो येथेच. ज्याची प्रतिकारशक्ती चांगली, त्याच्या तुकड्यात जंतू बहुधा सापडतच नाहीत, रोग मात्र असतो. म्हणून एका शब्दावर न थांबता संपूर्ण अहवाल, रुग्णासह, डॉक्टरांपुढे न्यावा.

जंतूंचा निर्देशांक शून्य ते सहा असा असतो. त्याची पायरी दहापटीची: चार म्हणजे दोनाच्या दुप्पट नव्हे, शंभरपट! मृत जंतू शरीरातून सावकाश जातात. त्यामुळे 12 महिन्यांचे उपचार पूर्ण झाल्यावरही आकडा शून्य नसतो. त्यावरून औषध निष्फळ ठरले, असे समजू नये.

हे बहुविध औषध शासकीय आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते. शेजारच्या पनवेल तालुक्यात, नेरे येथे शांतिवन हे कुष्ठरुग्णांच्या सेवेचे जुने केंद्र आहे. इतके जवळ असूनही सोयरीक मोडेल या भीतीने अहवाल कपाटात दडविणारी घरे आहेत. 2019 साली कायद्यातून कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण वगळले गेले. मनातून वगळण्यास कोणत्या दुरुस्तीची वाट पाहायची?

दुसरे मत हवे असेल, तर पुन्हा तुकडा काढण्यापूर्वी प्रयोगशाळेकडे मूळ काचपट्टी व मेणात जतन केलेला नमुना मागावा. बहुधा तेवढ्यावर भागते.