चेंडू, साखळी आणि कुत्र्याचे दात

वाचकहो, आपल्या घरी कुत्रा असेल तर आज एक लहानसे काम करा. तो शांत बसलेला असताना त्याचा वरचा ओठ हलकेच बाजूस सारा आणि समोरच्या दातांकडे पाहा. तरुण कुत्र्याच्या समोरच्या दातांच्या कडेवर तीन लहान उंचवटे दिसतात आणि सुळे टोकाशी निमुळते असतात. ह्याऐवजी दात आखूड व सपाट झालेले दिसले, सुळ्यांची टोके बोथट झालेली दिसली, तर त्याच्या खेळण्यांकडे लक्ष देण्याची वेळ आली आहे असे समजा.

हे सांगण्याचा अधिकार मला माझ्या चुकीने मिळाला आहे. आमच्या घरी मोती नावाचा कुत्रा होता. गल्लीतील मुले टेनिसच्या चेंडूने क्रिकेट खेळत आणि चेंडू जुना झाला की तो मोतीच्या वाट्यास येई. दुपारभर ओसरीवर पडून तो पुढच्या दोन पायांत चेंडू धरी व चावत बसे. “चावू द्या, दात बळकट होतात,” असे आम्ही मोठ्या कौतुकाने म्हणत असू. सातव्या वर्षी तो भाकरीचा तुकडा तोंडात घेऊन पुन्हा खाली टाकू लागला. आम्ही म्हटले, वय झाले. पशुवैद्यांनी त्याचा ओठ उचलून दाखविला तेव्हा समोरचे दात हिरडीलगत झिजलेले होते आणि एका सुळ्याच्या मध्यभागी काळे छिद्र पडले होते. तो कित्येक महिने वेदना सोसत असावा, आणि आम्ही त्याला म्हातारपण म्हणत होतो!

चावल्याने दात बळकट होतात ही समजूत सर्वत्र आढळते. परंतु दात म्हणजे स्नायू नव्हे. दाताच्या बाहेरचे कठीण आवरण म्हणजे एनॅमल. ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येताच नाहीशा होतात. म्हणून झिजलेले एनॅमल पुन्हा येत नाही. माणसाच्या दाढेवर हा थर काही ठिकाणी दोन मिलिमीटरांहून जाड असतो. कुत्र्याच्या दातावर तो एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. त्याच्या आत दंतिन नावाचा त्याहून मऊ थर आणि अगदी मध्यभागी रक्तवाहिन्या व ज्ञानतंतू असलेला गर असतो. मोठ्या कुत्र्यास असे बेचाळीस दात असतात, आणि ते जन्मभर पुरवावयाचे असतात.

मग मऊ चेंडूने दात कसे झिजतात? टेनिसच्या चेंडूवर लव असते. चेंडू मातीत लोळतो, लाळेने भिजतो, आणि त्या लवेत धूळ व वाळूचे बारीक कण घट्ट रुतून बसतात. वाळूतील गारेचे कण एनॅमलहून कठीण असतात. अशा रीतीने चेंडू म्हणजे सुताराचा पॉलिश-कागदच होतो. आणि कुत्रा तो घटकाघटका दातांवर घाशीत राहतो. चेंडू फेकला आणि त्याने तो धावत आणून दिला, एवढ्या खेळाने फारशी हानी होत नाही. हानी होते ती नंतर कोपऱ्यात बसून चाललेल्या चर्वणाने.

झीज सावकाश होत असेल तर निसर्ग आतून दंतिनाचा नवा थर घालून गराचे रक्षण करतो. दाताच्या सपाट झालेल्या माथ्यावर तांबूस, गुळगुळीत ठिपका दिसतो तो बहुधा ह्या रक्षणाचाच. झीज वेगाने झाली तर मात्र थर घालण्यास अवधी मिळत नाही. गर उघडा पडतो आणि जंतूंना थेट मुळापर्यंत वाट मिळते. काळा खळगा दिसल्यास ह्याचीच शंका घ्यावी. निश्चित निदान पशुवैद्यानेच सळईने तपासून व क्ष-किरण चित्र घेऊन करावयाचे असते.

लवेचा चेंडू दात झिजवतो, तर अतिकठीण वस्तू दात फोडतात. मटणाचे मोठे हाड, जनावराचे खूर, हरणाचे शिंग, कठीण नायलॉनचे खेळणे, रस्त्यावरचा गोटा ह्या वस्तू वरच्या जबड्यातील मोठ्या कातरणाऱ्या दाढेचा कपचा उडवितात. अशा दाढेच्या मुळाशी पू झाला की डोळ्याखाली सूज येते, आणि घरची माणसे डोळ्यात औषध घालीत बसतात. शिजविलेल्या हाडाच्या तर अणकुचीदार कपच्या होऊन घशास व आतड्यांसही इजा होऊ शकते.

आणखी एक गोष्ट आपल्या अंगणातली. दिवसभर बांधलेला कुत्रा कंटाळून साखळी किंवा पिंजऱ्याचे गज चावतो. त्यामुळे सुळ्यांची मागची बाजू झिजून ते पोखरल्यासारखे होतात आणि एखाद्या दिवशी मोडतात. येथे उपाय खेळणे बदलण्याचा नसून त्यास फिरावयास नेण्याचा व सोबत देण्याचा आहे. मग तो मुधोळचा असो, राजपालयम असो की गल्लीतून आणलेला असो.

खेळणे निवडताना एक सोपी कसोटी लावा. त्यावर अंगठ्याचे नख दाबा; नख किंचितही रुतत नसेल तर ती वस्तू कुत्र्याच्या दातांना कठीण समजावी. लवेच्या चेंडूऐवजी गुळगुळीत, लवचिक रबराचा चेंडू घ्या. तो घशात अडकणार नाही इतका मोठा असावा. मातीत पडला की धुवा, आणि खेळ संपताच उचलून ठेवा. पोकळ रबरी खेळण्यात थोडे अन्न भरून दिल्यास कुत्रा चावण्यापेक्षा चाटण्यात रमतो. पिल्लाचे अठ्ठावीस दुधाचे दात साधारण चार ते सात महिन्यांच्या वयात पडून नवे येतात. त्या काळात हिरड्या शिवशिवतात. तेव्हा ओले करून गार केलेले जाड फडके आपल्या देखत चावावयास द्यावे.

दात स्वच्छ ठेवण्यासाठी मऊ ब्रश किंवा बोटास गुंडाळलेले ओले फडके पुरते. आपली टूथपेस्ट मात्र वापरू नये. कुत्र्यास चूळ भरता येत नाही. तो ती गिळतो, आणि तिच्यातील काही द्रव्ये त्यास अपायकारक असतात.

मोतीचा तो सुळा भूल देऊन काढावा लागला. आठवड्याभरात तो पुन्हा ताटलीवर तुटून पडू लागला, आणि म्हातारपण म्हणून आम्ही ज्यास नाव दिले होते ते कोठल्या कोठे गेले. कुत्रा दुखण्याची तक्रार करीत नाही. तो एका बाजूने चावतो, घास टाकतो, तोंडाला हात लावू देत नाही, एवढेच. ही त्याची भाषा समजून घेणे आपल्याकडे आहे. तेव्हा महिन्यातून एकदा त्याचा ओठ उचलून पाहण्याचा प्रघात घरात अवश्य पाडा. मुलांनाही शेजारी बसवून दाखवा.