पाहुणा जेवत नाही!

वाचकहो, घरी आलेला पाहुणा पोटभर जेवला नाही, की आपल्या घरच्या बायकांना चैन पडत नाही. ‘आणखी अर्धी पोळी तरी!’ हा आग्रह आपल्या रक्तातच आहे. पण गेल्या हिवाळ्यात परभणीत आमच्या शेजारी असा एक पाहुणा आला, की त्याच्यापुढे आग्रहाची मात्रा चालेना. तो होता हातभर लांबीचा अजगर!

दचकू नका. शेजारच्या वकीलसाहेबांचा धाकटा मुलगा पुण्याला शिकतो. सुट्टीत येताना त्याने हे बॉल पायथन जातीचे पिल्लू सोबत आणले. हा आफ्रिकेचा रहिवासी, बिनविषारी. घाबरला की डोके आत घेऊन अंगाचा चेंडू करतो, म्हणून हे नाव. कागदपत्रे मी आधी पाहिली. कारण आपल्याकडचा नाग, धामण वा अजगर पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांचीही सरकारदरबारी नोंद लागते.

पोरगा रडकुंडीला आला होता. ‘काका, चार आठवडे झाले, अन्नाला शिवत नाही. मरेल हो!’

आजींनी दुधाची वाटी पुढे केली. त्यांना हळूच समजावले, की साप मांसाहारी. दूध त्याचे अन्नच नव्हे. गारुड्याचा नाग दूध पितो तो तहानेने व्याकूळ झालेला असतो म्हणून. वकीलसाहेबांचा निकाल तयारच होता : ‘चिमट्याने तोंड उघडा आणि कोंबा!’

मी प्राणिशास्त्र शिकवण्यात हयात घालवली. म्हटले, ‘साहेब, तेवढे करू नका. कोवळा जबडा दुखावतो, घशाला इजा होते, आणि पिल्लाला अन्नाचीच दहशत बसते. तो शेवटचा उपाय, आणि तोही पशुवैद्याच्या हातचा.’

मग पाहुण्याची खोली पाहिली. काचेची पेटी दिवाणखान्यात, टीव्हीच्या शेजारी! लपायला आडोसा नाही, येईल तो पिल्लाला उचलून पाहतो. त्यात परभणीची थंडी. रात्री पारा एक आकडी होतो. सापाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. बाहेरून ऊब मिळाली नाही, तर पचन मंदावते आणि भूकही मरते.

पेटी मागच्या खोलीत हलवली. एका टोकाला ३१-३२ अंश, दुसऱ्या टोकाला २६ अंश उष्णता राहील अशी सोय केली. अंग जेमतेम मावेल असे दोन अंधारे आडोसे ठेवले, पाण्याचे भांडे ठेवले, आणि आठ दिवस हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद दिली. डोळे निळसर झाले असते तर आणखी थांबलो असतो. कात टाकण्यापूर्वी साप सहसा खात नाही.

आठव्या दिवशी तिन्हीसांजेनंतर उंदराचे गोठवलेले पिल्लू आणले. (वहिनींनी फ्रिजमध्ये जागा नाकारली, म्हणून थर्माकोलची पेटी!) ते सापाच्या अंगापेक्षा जाड नसावे. जिवंत उंदीर सोडू नये. तोच सापाला चावतो. पिशवीसकट गरम पाण्यात ठेवून ते उबदार केले, कारण या अजगराच्या ओठांवरच्या खाचांना भक्ष्याची ऊब कळते. लांब चिमट्याने आडोशाच्या तोंडाशी जरासे हलवले. पिल्लाने जीभ लपलपवली आणि मान आत घेतली. रात्रभर अन्न तिथेच ठेवले. सकाळी जसेच्या तसे.

मुलाचा धीर सुटत चालला. वजन करून पाहिले : ९० ग्रॅमचे ८६ झालेले. वजन भराभर उतरले असते तर मीच त्याला पशुवैद्याकडे धाडले असते. ‘आणखी सहा दिवस थांब,’ म्हटले. दुसऱ्या खेपेलाही नकार. तिसऱ्या खेपेला आम्ही दिवा मालवून दाराआड उभे होतो. एकदम झडप, विळखा, आणि मग सावकाश गिळणे! मुलगा आनंदाने उचलायला धावला, त्याला धरून ठेवावे लागले. जेवल्यावर दोन दिवस हात लावला, तर खाल्लेले बाहेर येते.

आता ते पिल्लू दर आठवड्याला आपणहून खाते. वाचकहो, भूक त्याला होतीच. पण भिणारा जीव घास घेत नाही. नव्या सासरी आलेली सून, वसतिगृहात पहिल्यांदा गेलेले पोर, हे आपण ओळखतो. अशा वेळी ताटात वाढण्याआधी त्यांना थोडा आडोसा वाढावा. घास मग आपोआप उतरतो.